बाबांनी सोडलेली दारू

इंग्रजी विभागात आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्याच तासाला एक गोष्ट शिकवली जाते. कथेतला 'मी' आणि ती कथा लिहिणारा माणूस हे दोन वेगळे इसम आहेत. विभागप्रमुख सर हे फळ्यावर लिहितात, त्याखाली रेघ मारतात आणि खडू ठेवून वर्गाकडे असं बघतात, की जणू रेघ मारायची कल्पना त्यांचीच. मुलं ते उतरवून घेतात आणि परीक्षेत जसंच्या तसं सरांना परत करतात. एवढी देवाणघेवाण झाली की दोन्ही बाजू त्या विषयातून मोकळ्या होतात.

धाकटीनेही ते उतरवून घेतलं होतं. घरात दोन मुली, त्यातली ही दुसरी म्हणून धाकटी. थोरली लग्न होऊन परगावी गेली तरी हिचं नाव काही सुटलं नाही, उलट कॉलेजातही पोचलं. तिला लहानपणापासून एकच गोष्ट बरी यायची, ती म्हणजे लिहिणं. गणितापुढे तिने हात टेकले होते आणि तिच्या गाण्यापुढे घरच्यांनी. त्यामुळे शेवटच्या वर्षाला लेखन हा खास विषय मिळवायचाच, एवढं एक तिने मनाशी धरलं होतं. त्या विषयाला मोजक्याच जागा असत आणि त्या कोणाला द्यायच्या ते सर ठरवत. ज्यांना मिळत नसे ते भाषाशास्त्राकडे जात आणि पुढे जिन्यात लेखनवाले भेटले की नजर चुकवत.

दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा लेखनाचा तास व्हायचा. बाकं भिंतीला सरकवून खुर्च्या गोल मांडायच्या, ज्याचं लिखाण असेल त्याने ते वाचायचं आणि मग बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. या वेळात लिहिणाऱ्याने चकार शब्द काढायचा नाही असा दंडक होता. कोणी कितीही अकलेचे तारे तोडले तरी त्याने मूग गिळून बसून राहायचं. सर सगळ्यात शेवटी बोलत. चष्मा हातात घेऊन, डोळे मिटून ते विचारत, "हे सगळं ठीक आहे. पण यात दुखतंय कुठे?"

दवाखान्यात हा प्रश्न विचारला की माणूस बोट ठेवून दाखवतो. इथे ज्याला बोट ठेवता येत नव्हतं, त्याचं काही खरं नव्हतं.

बाकीच्यांची सोय झालेली होती. कायम काळे कपडे घालणारी एक मुलगी होती, तिला सगळे अमावस्या म्हणत. तिचे आईवडील अगदी वेळेवर विभक्त झाले होते आणि त्या एका भांडवलावर तिची दोन वर्षं आरामात निघाली होती. कवी म्हणून जो ओळखला जायचा, त्याची एक मावशी अपघातात गेली होती. ती होती तोवर हा तिच्याकडे कधी फिरकला नाही, पण गेल्यापासून त्याला तिच्याशिवाय काही सुचत नव्हतं. एका उंचाड्या मुलाजवळ खरं तर काहीच नव्हतं. पण त्याने आपल्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनवरून मृत्यूपर्यंत मजल मारली होती आणि सरांची शाबासकी मिळवली होती.

धाकटीचं घर मात्र अभ्यासक्रमाच्या दृष्टीने अगदीच नापीक होतं. बाबा दातांच्या कवळ्या बनवत. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चाले. फळीवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले, टेबलावर गुलाबी मेण, आणि बाबांचे हात कोपरापर्यंत पांढरे. साचे उलटून बोलत नाहीत, म्हणून बाबा दिवसभर त्यांना विनोद सांगत आणि त्यातले निवडक संध्याकाळी घरच्यांना. दारूचं म्हणाल, तर खोकल्याचं औषध घेतलं तरी ते जेवायच्या आधी झोपून जात. आई मोटार शिकवायची. तिची स्वतःची गाडी होती, टपावर 'शिकाऊ' अशी पाटी आणि शेजारच्या सीटसमोर जास्तीचा ब्रेक. मोठमोठ्या साहेब लोकांना ती भर चौकात सुनवायची की क्लच म्हणजे पायपुसणं नव्हे, आणि साहेब लोक कान पाडून ऐकून घ्यायचे. जेवताना ही तिघं एवढी हसत, की वरचे शेजारी जमीन ठोकत. यात दुखणार कोणाला आणि कुठे?

धाकटीने पहिली कथा बाबांवरच लिहिली होती. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या कवळ्यांची अदलाबदल होते, दोघंही हट्टाला पेटून तशीच जेवत राहतात आणि बाबा ते निस्तरायला जातात, अशी ती कथा. वाचताना तिचं तिलाच हसू आवरेना. वर्गात कोणी हसलं नाही. अमावस्या म्हणाली, "हलकंफुलकं आहे," आणि तो शब्द तिने चिमटीत मेलेलं झुरळ धरावं तसा धरला होता. तास संपल्यावर सरांनी धाकटीला थांबवून घेतलं आणि मायेने समजावलं. हसणं ही पळवाट असते, तुझ्या घरात काहीतरी दडलेलं आहे आणि त्यावर तू हसण्याचं पांघरूण घालतेस, ते बाहेर काढ. धाकटीने ते मनावर घेतलं. घरात काय दडलंय ते तिने खरोखरच शोधलं, तर माळ्यावर एक जुना पंखा सापडला.

जागांचा निर्णय जवळ आला तेव्हा तिने शोधाशोध सोडली आणि दुखणं घरच्या घरीच तयार करायला घेतलं. नव्या कथेतल्या 'मी'चे वडील कवळ्या बनवतात, पिऊन येतात आणि तिच्या आईला मारतात. दारुडा कसा वागतो हे धाकटीने कधी पाहिलं नव्हतं, म्हणून ते ऐकीव माहितीवर भागवलं. पण खोली, फळी, गुलाबी मेण, ऍप्रनवरचे डाग हे सगळं घरचं उचललं, कारण बारकावे खरे हवेत असं सरच सांगत. कथेतली आई पहिल्या पानावर कोपऱ्यात रडत बसली ती शेवटच्या पानापर्यंत उठलीच नाही. मग वडिलांनी थोबाडीत मारल्यावर तिच्या गालावर प्लास्टरची पाच पांढरी बोटं उमटतात, असं एक वाक्य धाकटीला अचानक सुचलं. लिहून झाल्यावर तिला जरा कसंतरीच झालं. पण वाक्य चांगलं होतं, आणि चांगलं वाक्य खोडायला तिचा हात धजेना.

वर्गात ती कथा वाचून झाली तेव्हा कोणी हललं नाही. अमावस्येने धाकटीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत पहिल्यांदाच बरोबरीचा मान होता. एरवी चर्चेत 'कथेतले वडील', 'कथेतली आई' असं तोलून मापून बोलायची पद्धत होती. त्या दिवशी सगळे सरळ 'तुझे बाबा', 'तुझी आई' म्हणायला लागले. धाकटीला दंडकाप्रमाणे तोंड उघडता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते उघडायचंही नव्हतं. सर म्हणाले की ती पांढरी बोटं कल्पनेने सुचत नाहीत, ती पाहावी लागतात. फळ्यावर दरवर्षी रेघ मारणारे सर ते हेच. मग त्यांनी डोळे मिटले, पण नेहमीचा प्रश्न काही विचारला नाही. धाकटीचा जीव भांड्यात पडला.

वर्षाच्या शेवटी विभागाचं जाहीर वाचन असे. निवडक मुलं तिथे आपलं लिखाण वाचत आणि त्यानंतर सर जागा पक्क्या करत. धाकटीने घरी ताकास तूर लागू दिली नव्हती. पण कॉलेजच्या ऑफिसातून पालकांना बोलावणं गेलं आणि तो फोन नेमका बाबांनी उचलला. संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या डेंटिस्टांना कळलं की बाबांची मुलगी लेखिका झाली.

"माझ्यावर आहे का गं?" बाबांनी विचारलं.

"कथा आहे, बाबा. ती कोणावर नसते."

"म्हणजे आहे," बाबा खूश होऊन आईला म्हणाले.

त्यांनी येऊ नये म्हणून धाकटीने जंग जंग पछाडलं. कार्यक्रम कंटाळवाणा असतो, खुर्च्या टोचतात, सगळं इंग्रजीत असतं. बाबा म्हणाले की मटेरियलच्या डब्यांवरचं इंग्रजी वाचून मी इतकी वर्षं लोकांना दात बसवतोय आणि ते चावताहेत, तेव्हा माझ्या इंग्रजीची काळजी करू नकोस.

वाचनाच्या दिवशी तिने पिशवीत दोन्ही कथा टाकल्या, कवळ्यांच्या अदलाबदलीची आणि दारूची. सभागृह म्हणजे विभागाचाच मोठा वर्ग होता, फक्त खिडक्या पुसलेल्या आणि टेबलावर कापड. बाबा ठेवणीतला कोट घालून तिसऱ्या रांगेत बसले होते. आई शिकवणी संपवून तशीच आली होती आणि गाडीची किल्ली तिच्या हातातच होती. पहिल्या रांगेत सर, त्यांच्या शेजारी विभागातल्या मॅडम, आणि कडेला तो उंचाडा मुलगा. धाकटीचा पाय घसरला तर तिची जागा त्याला मिळणार होती, त्यामुळे तो पायांकडेच बघत होता.

धाकटी टेबलामागे उभी राहिली. बाबांनी हसायची तयारी करून ठेवली होती, ते तिला तिथून दिसत होतं. सरांनी डोळे मिटले होते, तेही दिसत होतं. तिचा हात पिशवीत गेला आणि दारूची कथा घेऊन बाहेर आला. तिला कोणी धरून बांधून ती वाचायला लावली नाही, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी श्रोत्यांकडे बघायचं असं सरांनी शिकवलं होतं, म्हणून तिला सगळं बघावं लागलं. मागची खोली आली, फळी आली, तेव्हा बाबांनी आईला कोपराने ढोसलं. गुलाबी मेण आलं तेव्हा ते शेजारच्या अनोळखी माणसाकडेही बघून हसले. बाटली आली, तर त्यांना वाटलं आता पुढे विनोद असणार, म्हणून हसू तसंच धरून ठेवलं. पांढरी बोटं आली तेव्हा ते हळूहळू ओसरलं. मग त्यांनी आपले हात पाहिले, उलटे करून पुन्हा पाहिले आणि मांडीवर ठेवून दिले. तरी तिने शेवटचं वाक्य सांगितल्याप्रमाणे सावकाश, थांबून थांबून वाचलं.

टाळ्या फार वेळ वाजल्या. नंतर चहा होता. धाकटी कशीबशी वाट काढत आईबाबांपर्यंत पोचली, तोवर सर आणि मॅडम तिथे आधीच हजर होते. मॅडम आईच्या पाठीवरून हात फिरवत तिला सांगत होत्या की तुम्ही एकट्या नाही आहात. आई हातात चहाचा कप घेऊन ताठ उभी होती, आणि तिच्या गाडीत बसणाऱ्यांनी हा चेहरा पाहिला असता तर ताबडतोब गाडी कडेला घेतली असती. सर बाबांसमोर उभे होते. त्यांना चीड आली होती आणि करुणाही आली होती, आणि दोन्ही चेहऱ्यावर एकदम बसवताना त्यांची ओढाताण चालली होती.

"मुलीने एवढं लिहिलं," सर म्हणाले, "त्यावर वडील म्हणून तुम्हाला काय म्हणायचंय?"

बाबांनी धाकटीकडे पाहिलं. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. एका शब्दाने सगळं निवळलं असतं, आणि तो शब्द बाबांच्या ओठावर आला असावा. पण त्यांनी मान खाली घातली.

"सोडली आता," बाबा म्हणाले.

एकदा सुरू झाले की बाबांना आवरणं कठीण. त्यांनी सुस्कारा टाकला. मुलींनीच सोडवली म्हणाले. अजून कधीकधी हात थरथरतो म्हणाले आणि थोडा थरथरवूनही दाखवला. सर हेलावले. त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कबूल करायला फार मोठं मन लागतं असं काहीसं पुटपुटले. कवी जवळच उभा राहून सगळं डोळ्यांत साठवत होता. धाकटीला लाज वाटत होती, आणि त्या लाजेखाली कुठेतरी जागा पक्की झाल्याचा आनंदही वाटत होता, आणि त्या आनंदाची तर तिला फारच लाज वाटली.

तिघं गाडीत बसली. आई चालवत होती, बाबा तिच्या शेजारी, धाकटी मागे.

"हात थरथरवला तो कसा वाटला?" बाबांनी विचारलं.

धाकटी रडायला लागली. "बाबा, तू खरं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुझी जागा गेली असती ना. मला काय, दोन मिनिटं दारुडं व्हायचं. ते पण न पिता."

"आणि माझं काय?" आई म्हणाली. कॉलेजचं फाटक समोर आलं होतं, तिथेच तिने गाडी उभी केली. ती ओरडली नाही, आणि म्हणूनच दोघंही घाबरले. "तुझ्या बाबाला तू दारुडा केलंस. तो निदान उठतो, येतो, जातो. मला कोपऱ्यात बसवलंस आणि शेवटपर्यंत रडवलंस. कोणी माझ्यावर हात टाकला असता तर मी तशी बसून राहिले असते असं वाटतं तुला?"

कथेत रडायला कोणीतरी हवं होतं म्हणून धाकटीने आईला बसवलं होतं. ती बाई कोण, याचा तिने विचारच केला नव्हता. इतक्या चर्चा झाल्या, इतके लोक बोलले, पण हे कोणीच विचारलं नव्हतं.

"उतर," आई म्हणाली, "आणि जाऊन सांग त्यांना. जागा गेली तर गेली."

धाकटी उतरली. सभागृहात खुर्च्या उचलणं चाललं होतं. सर आणि मॅडम खिडकीजवळ उभे होते. तिने धाप लागलेली असतानाच सांगून टाकलं, की बाबा पीत नाहीत, कधीच प्यायले नाहीत, आईला कोणी मारलेलं नाही, हे सगळं मी मनाने लिहिलं.

सरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. फाटकाशी गाडी उभी होती आणि बाबा खाली उतरून इकडेच बघत होते.

"तुला त्यांनी परत पाठवलं?" सरांनी हळूच विचारलं.

"आईने पाठवलं."

सरांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी सरांकडे.

"सर, खरंच. बाबा आत्ता तुमच्याशी खोटं बोलले."

"खोटं का बोलतील?"

"माझ्यासाठी."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या की प्रत्येक मुलीला असंच वाटत असतं. सर म्हणाले की घाबरू नकोस, आज तू जे केलंस त्यानंतर घरून दडपण येणार हे आम्हाला ठाऊक होतं. आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. तू आत्ता जे सांगितलंस तेही कधीतरी लिही, कारण खरी कथा इथून सुरू होते. धाकटीने पुन्हा सांगितलं. ती जितकं ठासून सांगे तितकी त्यांची खात्री पटत चालली. शेवटी सर म्हणाले की शेवटच्या वर्षाची जागा तुझी पक्की, तिला कोणी धक्का लावणार नाही. आणि मॅडम म्हणाल्या की त्यांच्याकडे एक खोली रिकामी आहे, कधीही घर सोडावंसं वाटलं तर सरळ यायचं.

ती गाडीपाशी पोचली तेव्हा आईने काच खाली केली.

"सांगितलंस?"

"सांगितलं. त्यांना पटलं नाही. तुम्ही मला धमकावून पाठवलंय असं वाटतंय त्यांना. जागा मिळाली. आणि बाबांची भीती वाटली तर मॅडमकडे राहायला ये म्हणाल्या."

बाबांनी विनोद करायला तोंड उघडलं आणि त्यांना काही सुचलं नाही. वर खिडकीत सर आणि मॅडम अजून उभे होते. सवयीने त्यांना निरोप द्यायला बाबांनी हात वर केला, तशा मॅडम झटकन मागे सरल्या. बाबांनी हात खाली घेतला आणि कोटाच्या खिशात घातला.

"मग?" त्यांनी धाकटीला विचारलं. "तू काय म्हणालीस?"

"थँक्यू म्हणाले," धाकटी म्हणाली.